एका पगारात चाललेलं घर दोन पगारांत का अडतं? कोल्हापुरातल्या एका कुटुंबाचा पन्नास वर्षांचा जमाखर्च

डिसेंबर २०२३ मध्ये या घराच्या कर्जाचा शेवटचा हप्ता गेला. वीस वर्षं दर महिन्याच्या पाच तारखेला कापली जाणारी रक्कम आता हातात राहणार, असं घरातल्या सगळ्यांनी धरलं होतं. सहा महिने झाले, जून उजाडला आणि नातवाच्या इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची फी भरायला भिशी उचलावी लागली. त्या दिवशी आज्जींनी मुलाला विचारलं, "तुझ्या बापाच्या एका पगारात सात माणसं जेवत हुती. आता दोन पगार, माणसं पाच, हप्ता बी फिटला. मग पैसं जात्यात कुठं?"

मुलगा म्हणाला, महागाई. आज्जींना ते पटलं नाही. "महागाई तवा नव्हती व्हय? मी अजून वर्षाची चटणी घरात करतो, शेवग्याच्या शेंगासुद्धा दारातल्या. तुमचं बाहेरचं खाणं आणि ते मोबाईलवरून मागवणं थांबवा, बघा पैसं उरत्यात का न्हाईत." हे बोलणं सुनेला उद्देशून होतं, हे सगळ्यांना कळलं. ती एका खासगी रुग्णालयाच्या हिशेब विभागात नोकरी करते. ती एवढंच म्हणाली, "आई, तुम्ही म्हणता तसं असेल तर कागदावर दिसेल. बाबांच्या वह्या आहेत, काढूया."

अशा वह्या फार घरांत सापडत नाहीत. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे. कुटुंबाच्या इच्छेनुसार नावं दिलेली नाहीत.

आजोबा 'शिवाजी उद्यमनगर' या औद्योगिक भागातल्या एका मशीन शॉपमध्ये टर्नर होते. लग्न १९७० सालचं. बिऱ्हाड मंगळवार पेठेतल्या वाड्यात, भाड्याच्या दोन खोल्यांत. आई-वडील, धाकटा भाऊ, बहीण, बायको आणि एक तान्हं मूल असा संसार. रात्री जेवण झालं की वही निघायची. शाळा सातवीपर्यंतच झालेली, पण अक्षर टपोरं. दशमान पैसे येऊन पंधरा वर्षं झाली तरी चार आणे, आठ आणे असंच लिहिण्याची सवय. २००५ पर्यंतच्या बहुतेक वह्या शाबूत आहेत. २००९ मध्ये ते गेले.

अभ्यासासाठी चार वर्षं घेतली. १९७३, १९८९ आणि २००४ वह्यांतून, आणि २०२४ बँकेचं स्टेटमेंट, यूपीआयची यादी आणि किराणा दुकानाच्या बिलांवरून. भांडण जूनमध्ये झालं होतं, पण हिशेबासाठी डिसेंबरपर्यंत थांबलो. फी, विमा, दिवाळी हे खर्च वर्षातून एकदाच येतात आणि सहा महिन्यांच्या हिशेबात ते एक तर सगळे दिसतात नाहीतर मुळीच दिसत नाहीत. रुपयाची किंमत चार वेळा वेगळी, म्हणून प्रत्येक वर्षाचा खर्च शंभर रुपये धरून त्यातले किती कुठे गेले एवढंच पाहिलं.

१९७३ ची वही सगळ्यात बोलकी आहे. महिन्याचा खर्च तीनशे रुपयांच्या आसपास. शंभरातले ६८ रुपये पोटावर गेलेले आणि त्यातले २९ निव्वळ धान्यावर. जोंधळा पोत्याने, तांदूळ थोडा, गहू सणापुरता. १९७२ च्या दुष्काळाचा मार कोल्हापूर जिल्ह्याला सोलापूर-सांगलीच्या पूर्व भागाइतका बसला नाही, तरी रेशनवरचा मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, इथल्याही पेठांत आला. वहीत त्या वर्षी पावसाळ्यापर्यंत दर पंधरवड्याला 'रेशन – मिलो, साखर, रॉकेल' अशी ओळ आहे. दूध गंगावेशीच्या कट्ट्यावरचं, डोळ्यांदेखत म्हशीची धार काढून दिलेलं, रोज एक लिटर. सात माणसांत ते चहापुरतं आणि बाळापुरतं. मटण महिन्यातून दोन रविवार, अर्धा किलो. अर्ध्या किलोच्या रश्श्यात सात माणसं जेवायची म्हणजे तांबडा-पांढरा किती पातळ होत असेल, हे ज्यानं घरात रस्सा केला आहे त्याला सांगायला नको.

मार्च आणि एप्रिलची पानं वेगळी दिसतात. एरवी एका पानात दहा दिवस बसतात, इथे एक दिवस पान खातो. लक्ष्मीपुरीतून मिरची, त्यात रंगासाठी ब्याडगी आणि तिखटपणासाठी संकेश्वरी. मग सुकं खोबरं, धने, तीळ, लसूण, कांदे, खडा मीठ. शेवटी 'डंक' असा शब्द आणि पुढे कांडपाचे पैसे. त्यानंतर जोंधळ्याची दोन पोती, तूरडाळ, शेंगतेलाचा डबा. एवढी वर्षाची बेगमी एका पगारात बसणं शक्यच नव्हतं. त्यासाठी कारखान्यातून उचल घेतलेली दिसते आणि जून महिन्यात एक ओळ येते: 'साज – गुजरी – ठेवला.' ऑक्टोबरमध्ये बोनस मिळाल्यावर 'साज सोडवला.' आज्जींचा कोल्हापुरी साज वर्षातले चार महिने सराफाच्या तिजोरीत असायचा. घरची पत होती ती तेवढीच.

उरलेल्या ३२ रुपयांत सगळं जग होतं. भाडं ६, रॉकेल-लाकूड-कोळसा ७, कपडे ८ आणि तेही जवळपास सगळे दिवाळीतले. भावंडांची शाळा २. औषधपाणी २, कारण मोठं दुखणं आलं की सीपीआर या सरकारी रुग्णालयात जायचं. आजोबा सायकलवर कामाला जायचे, म्हणून प्रवास १. बाकी ६ रुपयांत आहेर, देवधर्म, तंबाखू, पाव्हणे, एखादा सिनेमा.

हे चित्र काही या घराचं एकट्याचं नव्हतं. अर्न्स्ट एंगेल या सॅक्सनीतल्या संख्याशास्त्रज्ञानं १८५७ मध्ये बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासून दाखवलं होतं, की घर जितकं गरीब तितका त्याच्या खर्चात अन्नाचा वाटा मोठा आणि उत्पन्न वाढेल तसा तो वाटा घटत जातो. अन्नावरचे रुपये वाढतात, पण शंभरातला हिस्सा कमी होतो. उद्यमनगरातल्या टर्नरची वही या नियमाला इतकी धरून आहे की विद्यार्थ्यांना शिकवायला वेगळं उदाहरण शोधावं लागू नये.

१९८९ पर्यंत अन्न ५७ वर आलं. भाऊ नोकरीला लागून वेगळा झाला, बहिणीचं लग्न झालं, खाणारी तोंडं कमी झाली. गॅस सिलिंडर आला, लाकूड-कोळसा गेला. लूना आली. ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही हप्त्यानं घेतला आणि त्याची किंमत आजोबांच्या जवळपास दीड पगाराइतकी होती. आज या घरातला मोठा रंगीत टीव्ही मुलाच्या निम्म्या पगारात आला. वस्तू स्वस्त होत गेल्या हे आपण सहसा बोलत नाही, कारण स्वस्त झालेल्या वस्तूबद्दल घरात तक्रार होत नाही. १९८९ बद्दल यापेक्षा जास्त सांगण्यासारखं नाही. ताटात गहू आणि तांदूळ वाढला, शेंगतेलाच्या डब्याशेजारी पामतेलाची पिशवी आली, एवढंच.

२००४ मध्ये अन्न ४४ वर आहे. मुलगा आयटीआय करून गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत लागला, लग्न झालं. त्या काळात गृहकर्जाचे व्याजदर बरेच खाली आले होते. त्या जोरावर २००३ च्या शेवटी फुलेवाडी रिंग रोडला लहानसं घर घेतलं. महिन्याचा हप्ता तीन हजारांच्या घरात आणि तेव्हाच्या एकूण खर्चात तो शंभरातले २२ रुपये खायचा. त्या वर्षीच्या वहीत मटणाच्या ओळी विरळ झाल्या आहेत. आज्जींना हा हप्ता डोंगराएवढा आठवतो आणि त्यांचं आठवणं खरं आहे.

पण नेमका इथेच घराचा अंदाज चुकला. हप्त्याची रक्कम कर्ज संपेपर्यंत जवळपास तीच राहिली आणि पगार वाढत गेले. २००४ मध्ये शंभरातले २२ रुपये घेणारा हप्ता २०२३ मध्ये शंभरातले साडेपाच रुपयेच घेत होता. तो फिटला तेव्हा सुटले ते साडेपाच. बावीस सुटतील अशी आशा धरलेल्या घराला ते जाणवलेही नाहीत. शिवाय त्याच वर्षी नातवाचं इंजिनिअरिंग सुरू झालं होतं.

आता २०२४. महिन्याचा सरासरी खर्च अठ्ठावन्न हजार. माणसं पाच, म्हणजे माणशी साडेअकरा हजारांच्या थोडं वर. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या कौटुंबिक उपभोग खर्च पाहणीत शहरी भारताची सरासरी माणशी ६,९९६ रुपये होती. तेव्हा हे घर गरीब मुळीच नाही. शंभरातले ३३ रुपये अन्नावर, शिक्षणावर २१, हप्त्यांवर ११ (वरच्या खोलीसाठी पतसंस्थेचं कर्ज आणि दुचाकी), पेट्रोलवर ८, वीज-गॅस-मोबाईल-इंटरनेटवर ८, औषधं आणि तपासण्यांवर ७, विम्यावर ६, आणि उरलेल्या ६ रुपयांत कपडे, लग्नकार्यं, देवधर्म.

धान्यावर किती? शंभरातले साडेतीन. एकोणतीसवरून साडेतीन. शहरी भारताच्या आकड्यांतही हाच उतार दिसतो. १९९९-२००० मध्ये शहरी घरांच्या खर्चात तृणधान्यांचा वाटा १२ टक्क्यांच्या वर होता, २०२३-२४ मध्ये तो पावणेचार टक्क्यांच्या आसपास आला. एकूण अन्नाचा वाटा याच काळात ४८ टक्क्यांवरून ३९.६८ वर उतरला. मधल्या काळात पाहणीची पद्धत बदलली आहे, त्यामुळे दशांशावर वाद घालण्यात अर्थ नाही, पण दिशेबद्दल शंका नको. अन्नखर्चात आता सगळ्यात मोठा हिस्सा पेयं आणि तयार पदार्थांचा आहे, एकूण खर्चाच्या ११ टक्क्यांच्या वर. त्याखाली दूध. औद्योगिक कामगारांच्या ज्या निर्देशांकावर महागाई भत्ता ठरतो, त्यातही अन्नाचं वजन १९८२ च्या पायाभूत वर्षात ५७ होतं, २००१ मध्ये ४६.२ झालं आणि २०१६ मध्ये ३९.१७.

या घरात मात्र मटण वाढलं आहे, आणि ते मला फार कोल्हापुरी वाटतं. धान्य घटलं, तेल घटलं, साखर घटली, मटणाचा वाटा मात्र १९७३ च्या दुपटीला गेला. आता दर रविवारी एक किलो, शिवाय बुधवारी चिकन. २०१९ च्या अखेरीस मटणाचे दर चढले तेव्हा हे शहर आंदोलनाला उतरलं होतं. बाहेरच्यांनी त्याची मौज केली. वह्या पाहिल्यावर मला त्यात मौज वाटत नाही. ज्या घरानं अर्ध्या किलोत सात ताटं वाढली, त्या घराला रविवारचा एक किलो म्हणजे मिळवलेली गोष्ट आहे आणि ती सहजासहजी सोडावी असं त्याला वाटत नाही.

तर आज्जींच्या प्रश्नाची तीन उत्तरं तपासायची होती.

पहिलं, मुलाचं: महागाई. १९७४ साली देशात महागाई पंचवीस टक्क्यांच्या पुढे गेली होती. २०२३-२४ ची सरासरी ५.४ टक्के. तेव्हाच्या झळीपुढे आताची काहीच नाही. महागाईनं आजचा महिना अडत असेल तर १९७४ ला या घराची चूल विझायला हवी होती. ती विझली नाही. पण मुलाच्या म्हणण्यात एक खरा धागा आहे. सगळ्या गोष्टी सारख्या महागल्या नाहीत. ज्या गोष्टी यंत्रावर तयार होतात, पंखा, टीव्ही, मोबाईल, कापड, त्या पगाराच्या मानानं स्वस्त झाल्या. ज्यांत माणसाचा वेळ विकत घ्यावा लागतो, शिकवणी, डॉक्टर, तपासणी, गवंडी, त्या महाग झाल्या. आणि या घरानं नेमकं स्वस्त झालेल्यातून महाग झालेल्याकडे स्थलांतर केलं आहे.

दुसरं, आज्जींचं: बाहेरचं खाणं. हे आम्ही जपून मोजलं, कारण घरातलं दुखणं इथे होतं. हॉटेल, ऑनलाइन मागवणं, रंकाळ्यावरची भेळ, मिसळ, नातवाचं कॉलेजच्या कँटीनमधलं खाणं, सगळं मिळून शंभरातले ४ रुपये. सगळं एका रात्रीत बंद केलं तरी महिन्याला तेवीसशे वाचतील. जूनमध्ये भिशी उचलली ती चाळीस हजारांची होती.

तिसरं उत्तर वह्यांतून वर आलं. सुनेनं प्रत्येक वर्षाच्या खर्चापुढे एक खूण करायला सुरुवात केली: हा खर्च या महिन्यात थांबवता किंवा कमी करता आला असता का? ज्या खर्चाची तारीख आणि रक्कम दुसऱ्यानं ठरवलेली, तो एका रकान्यात. ज्याची घरानं ठरवलेली, तो दुसऱ्या. पहिल्याला तिनं 'तारखेचा' म्हटलं, दुसऱ्याला 'हातातला'.

१९७३ मध्ये तारखेचा खर्च शंभरातले ८ रुपये होता. भाडं आणि शाळा. बाकी ९२ आज्जींच्या आणि त्यांच्या सासूबाईंच्या हातात. महिना अडला की गहू थांबायचा, मिलो यायचा. मटणाचा एक रविवार गळायचा. तेलाची धार बारीक व्हायची, आमटी वाढायची, साडी पुढच्या दिवाळीवर जायची. वहीतला सगळ्यात तंग महिना आणि सगळ्यात सैल महिना यांत शंभराला बारा रुपयांचा फरक सापडतो, आणि तो सगळा स्वयंपाकघरातून काढलेला आहे.

२०२४ मध्ये तारखेचा खर्च ४६ रुपये आहे. फी, हप्ते, विमा, वीज, रिचार्ज. कामावर जायचं पेट्रोल धरलं तर ५४. यात काटकसरीला शिरकावच नाही. कॉलेजला अर्धी फी भरून अर्धी आमटी वाढवता येत नाही. हप्ता चुकला तर दंड, विमा चुकला तर पॉलिसी बंद, रिचार्ज संपलं तर नातीचा क्लास बुडतो. आज्जींची सगळी हुशारी ज्या ९२ रुपयांवर चालायची, तो प्रांतच निम्म्यावर आला. त्या अजूनही उरलेल्या निम्म्यावर तेवढ्याच कसोशीनं राखण करतात. कोथिंबिरीच्या जुडीवर घासाघीस होते आणि पंधरा तारखेला बँकेतून रक्कम निघून जाते, जिच्याशी घासाघीस करायला समोर कुणी नसतं.

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथे आहे. घर आज पूर्वीपेक्षा खात्रीनं सुखी आहे: खाणं चांगलं, घर स्वतःचं, दुखण्याला उपचार, मुलं शिकतात. पण ते ताठर झालं आहे. पूर्वीच्या घराला कमी पडायचं आणि ते वाकायचं. आताच्या घराला पुरतं, पण वाकता येत नाही. त्यामुळे एखादा महिना जड गेला की थेट उसनवारी. एंगेलचा नियम अन्नाचा वाटा घटणं ही सुबत्तेची खूण मानतो आणि ते खरं आहे. त्या नियमात हे मात्र नाही, की घटलेल्या वाट्याबरोबर घराच्या हातातली लवचीकताही जाते.

वहीत न दिसणारी एक बाजू राहिली होती, ती सुनेनंच दाखवली. १९७३ च्या वहीत चटणीच्या मिरचीचे पैसे आहेत, डंकाचे आहेत. देठं कुणी काढली, उन्हात कुणी घातली, लसूण कुणी सोलला, त्याचा हिशेब कुठेच नाही. शेवया, पापड, सांडगे, गोधड्या, पोरांची झबली, आजारी सासऱ्यांची सेवा, यातली एक ओळ वहीत नाही. ते काम होतं, पण खर्च नव्हता, कारण करणाऱ्या बायकांना पगार नव्हता. आता सून सकाळी नऊला बाहेर पडते. पापड-शेवया विकतच्या. कपडे शिवून नव्हे, तयार. नातीच्या अभ्यासाला क्लास. दुपारच्या पोळ्यांना बाई. सुनेची स्वतःची स्कूटर आणि तिचं पेट्रोल. हे सगळं वेगळं काढलं तर २०२४ च्या शंभरातले ९ रुपये निघतात, महिन्याला पाच हजारांच्या वर. तिचा पगार बावीस हजार. म्हणजे घरात तिच्यामुळे सतरा हजारांच्या आसपास निव्वळ भर पडते. नातवाचं इंजिनिअरिंग त्याच पैशांवर उभं आहे.

हा आकडा निघाल्यावर आज्जी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हंजी मी केलो ते काम फुकटच गेलं म्हणायचं." सून म्हणाली, "फुकट कसं? तुम्ही केलात म्हणून बाबांच्या एका पगारात भागलं. तुमचा पगार वहीत लिहिला नाही एवढंच." या दोघींमध्ये या विषयावर पंचवीस वर्षांत झालेलं हे पहिलं नीट बोलणं असावं.

शिक्षणाच्या २१ रुपयांवर थोडं थांबायला हवं. या घरातल्या वाढलेल्या खर्चात सगळ्यात मोठी उडी तीच आहे. आणि ही उडी कोल्हापुरात घ्यावी लागते याचं मला वाईट वाटतं. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. खेड्यातल्या पोरांना शहरात शिकता यावं म्हणून १९०१ पासून इथे वसतिगृहं उभी राहिली. आजोबा महापालिकेच्या आधीच्या नगरपालिकेच्या शाळेत शिकले, मुलगा महापालिकेच्या शाळेत आणि सरकारी आयटीआयमध्ये. मुलाच्या शिक्षणाचा खर्च वहीत शोधावा लागतो. १९८३ मध्ये महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी झाली आणि त्याच सुमारास कोल्हापुरातही अशी महाविद्यालयं आली. त्यामुळे टर्नरच्या नातवाला इंजिनिअर होता येतं, हे नाकारून चालणार नाही. पूर्वी त्याला जागाच मिळाली नसती. पण जी गोष्ट आजोबांच्या घरात सार्वजनिक होती, ती नातवाच्या घरात खासगी झाली, आणि हा बदल कुटुंबाच्या उधळपट्टीच्या खात्यात टाकणं अन्यायाचं आहे. इंग्रजी माध्यमाची शाळा त्यांनी हौसेनं निवडली, हे मात्र खरं. नातीसाठीही तीच निवडली.

जानेवारी २०२५ मध्ये घरानं काही गोष्टी ठरवल्या. वर्षातून एकदा येणारे सगळे तारखेचे खर्च, म्हणजे फी, विमा, घरपट्टी, एकत्र करून बारानं भागले आणि तेवढी रक्कम दर महिन्याला बँकेच्या आवर्ती ठेवीत टाकायला सुरुवात केली. १९७३ च्या घरात मार्च-एप्रिलला बेगमी भरत होते, तशी आता फीची भरायची. भिशी चालू ठेवली, पण ती अडीअडचणीला राखून. बाहेरच्या खाण्यावर कुणी बंदी घातली नाही. नवा हप्ता घ्यायचा असेल तर जुना एक संपल्याशिवाय नाही, यावर मात्र तिघांचं एकमत झालं. टीव्हीएवढ्या रकमेची वस्तू रोखीनंच घ्यायची, असं मुलाचं म्हणणं होतं. तेवढं सुनेला पटलं नाही आणि तो मुद्दा तसाच राहिला.

आज्जी पंचाहत्तरीला आल्या आहेत. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना आयुष्मान भारत योजनेत पाच लाखांपर्यंतचं संरक्षण मिळू लागलं, त्याचं कार्ड काढून घेतलं. मोठ्या दुखण्याची धास्ती त्यानं कमी झाली. पण रोजच्या रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या, महिन्याच्या तपासण्या त्यात बसत नाहीत. त्यामुळे औषधांचे ७ रुपये ७ च राहिले.

वही पुन्हा सुरू झाली आहे, नातीच्या हातानं, दोन रकान्यांची. जून २०२५ ला तिसऱ्या वर्षाची फी ठेवीतून गेली. कुणाकडे हात पसरावा लागला नाही.

एक पेच मात्र सुटलेला नाही. नातवाला राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या शिष्यवृत्ती योजनेतून शिक्षण शुल्कात निम्मी सवलत मिळते. नात आता दहावीला आहे. तिला पुढे व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचं झालं, तर राज्य सरकारनं २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि मागास प्रवर्गांतल्या मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्काची जी पूर्ण माफी दिली आहे, तिचा लाभ मिळू शकतो. दोन्हींना उत्पन्नाची अट सारखीच: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत. दोघांचे पगार मिळून आज वर्षाला साडेसात लाखांच्या जरा खाली आहेत. सुनेला रुग्णालयात बढती देऊ केली आहे. पगार पाच हजारांनी वाढेल, म्हणजे वर्षाला साठ हजार, आणि घर आठ लाखांची रेघ थोडक्यात ओलांडेल. साठ हजार मिळवून दोन मुलांची मिळून त्याहून मोठी सवलत घालवायची, की बढती दोन वर्षं पुढे ढकलायची? मुलगा म्हणतो थांब. सून म्हणते, बढती दोन वर्षांनी पुन्हा विचारायला येत नाही. आज्जींचा कौल, या खेपेला, सुनेच्या बाजूनं आहे. उत्तर द्यायला तिला महिनाअखेरपर्यंत मुदत आहे.